मोठा विद्यार्थी, लहानांचा मार्गदर्शक : एका उन्हाळी वर्गाचा अभ्यास

द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकास एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवावयास लावून तो चौथीचे गणित घेऊ लागतो, तोच पहिलीत गलबला सुरू होतो. अशा वेळी त्याची दृष्टी साहजिकच चौथीतील एखाद्या समंजस मुलाकडे किंवा मुलीकडे वळते आणि "जरा त्यांच्याकडे बघ बाळ," असे तो सांगतो. हा प्रसंग आपणां सर्वांच्या रोजच्या परिचयाचा आहे. तथापि त्या एका वाक्याने आपण त्या मुलाकडे नेमके कोणते काम सोपविले, ते त्याला झेपण्यासारखे आहे काय, आणि त्यापासून त्याचे स्वतःचे कल्याण होते की नुकसान, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मोठ्या विद्यार्थ्याने लहानांचा मार्गदर्शक व्हावे ही कल्पना जुनी आहे. ती कोठे विचारपूर्वक राबविली जाते व कोठे ती फसली, हे पाहिल्यास आपल्या शाळेत तिचा उपयोग किती व कसा करावा हे ठरविणे सोपे जाईल. त्यासाठी प्रस्तुत लेखात प्रथम अमेरिकेतील एका कॅथलिक महाविद्यालयाच्या उन्हाळी वर्गाचे उदाहरण घेतले आहे. तेथील परिस्थिती आपल्याहून अगदी निराळी आहे. परंतु त्या निराळेपणामुळेच मूळ तत्त्व अधिक स्पष्ट दिसते.

१. संस्था आणि तिचा उन्हाळी वर्ग

कॅलिफोर्निया राज्यात सांता पॉला या गावाजवळ, डोंगरांच्या पायथ्याशी थॉमस अक्वायनस कॉलेज नावाचे महाविद्यालय आहे. तेराव्या शतकातील थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेचे अध्यापन १९७१ साली सुरू झाले. १९७८ साली ती सध्याच्या जागी आली आणि २०१९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथे तिची दुसरी शाखा उघडली.

हे 'लिबरल आर्ट्स' महाविद्यालय आहे. या शब्दांचा अर्थ थोडक्यात सांगावयास हवा. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व खगोलशास्त्र अशा सात विद्या मानल्या जात. या विद्या कोणत्याही एका धंद्यासाठी नसून माणसाची बुद्धी स्वतंत्र विचार करण्यास समर्थ व्हावी यासाठी आहेत, अशी त्यामागील धारणा होती. या महाविद्यालयात आजही सर्व विद्यार्थ्यांना एकच चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. विषयाची निवड नाही, नेहमीची पाठ्यपुस्तके नाहीत आणि व्याख्यानेही जवळजवळ नाहीत. विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचून येतात आणि मेजाभोवती बसून त्यावर चर्चा करतात. शिक्षकाला तेथे 'प्रोफेसर' न म्हणता 'ट्यूटर' म्हणतात. तो एक प्रश्न मांडून चर्चेला आरंभ करून देतो व ती भरकटू लागल्यास मार्गावर आणतो. भूमितीच्या तासाला विद्यार्थी स्वतः फळ्याजवळ जाऊन युक्लिडचा सिद्धान्त सिद्ध करून दाखवितो, व इतर विद्यार्थी त्याला शंका विचारतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे महाविद्यालय माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी दोन आठवड्यांचा निवासी वर्ग भरविते. शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष ज्यांच्यापुढे आहे, म्हणजे साधारणतः सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली, त्यास येतात. सॉफोक्लीझची नाटके, प्लेटोचे संवाद, युक्लिडची भूमिती, शेक्सपियरचे नाटक अशा थोर ग्रंथांतील वेचे त्यांना वाचावयास देतात व महाविद्यालयाच्याच पद्धतीने त्यांवर चर्चा होते. उरलेला वेळ उपासना, खेळ, गाणे, डोंगरातील भटकंती, सहली व सायंकाळचा अभ्यास यांत जातो. मुलांचे व मुलींचे निवास वेगवेगळे असतात.

२. 'प्रीफेक्ट' काय करतो व काय करीत नाही

या वर्गात येणाऱ्या मुलाची स्थिती कशी असते ते पाहू. तो घरापासून दूर आलेला असतो, सोबतच्या कोणालाही ओळखत नसतो. आजवर शाळेत शिक्षकाने सांगितलेले उतरवून घ्यावयाची त्याला सवय; येथे मात्र अडीच हजार वर्षांपूर्वीचे पुस्तक पुढे ठेवून "तुला काय वाटते?" असे विचारतात. साहजिकच पहिले दोन दिवस तो बावरतो. चर्चेत बोलण्यास कचरतो. आपल्याशिवाय सर्वांना सारे समजले आहे असे त्याला वाटू लागते.

अशा मुलाजवळ असावा म्हणून महाविद्यालयातीलच काही विद्यार्थी निवडून त्यांना या वर्गावर नेमतात. त्यांना 'प्रीफेक्ट' असे नाव आहे. हे प्रीफेक्ट पाहुण्या मुलांच्याच निवासात राहतात, खेळ व सहलींची व्यवस्था पाहतात आणि नियम पाळले जातात की नाही याकडे लक्ष ठेवतात. नेहमीच्या वर्षातही महाविद्यालयाच्या वसतिगृहांत असे प्रीफेक्ट असतात. त्यामुळे हे पद त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

आता प्रीफेक्ट काय करीत नाही, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. तो वर्ग घेत नाही. वर्ग घेण्याचे काम ट्यूटरचे, आणि ते तोच करतो. कोणा मुलाने नियमाचा गंभीर भंग केला, तर काय करावयाचे याचा निर्णय महाविद्यालयाचे जबाबदार अधिकारी घेतात. शिवाय प्रीफेक्टचे हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत चालते. त्यासाठी त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचे दिवस खर्ची पडत नाहीत.

म्हणजे त्याच्या कामाला तीन कुंपणे आहेत : अधिकाराचे, कामाचे आणि काळाचे. हा या उदाहरणातील पहिला धडा होय.

३. शिक्षक नाही, म्हणूनच उपयोगी

कोणी विचारील की, ज्याला शिकविण्याचा अधिकार नाही व शिक्षा करण्याचाही नाही, त्याचा उपयोग तो काय? याचे उत्तर त्याच्या स्थानात आहे. ट्यूटर हा विद्वान व वयाने मोठा; त्याच्यापुढे आपले अज्ञान उघडे करण्यास मुलाला संकोच वाटतो. बरोबरीच्या मुलापुढेही तो ते उघडे करीत नाही, कारण तेथे चढाओढ असते. प्रीफेक्ट या दोहोंच्या मध्ये उभा असतो. तो दोन-चार वर्षांपूर्वी त्याच पुस्तकापाशी अडलेला असतो, आणि ती अडचण त्याच्या स्मरणात ताजी असते.

एक उदाहरण घेऊ. युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील पहिला सिद्धान्त असा आहे की, दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढावयाचा. रेषेच्या दोन्ही टोकांना केंद्र मानून, ती रेषा त्रिज्या घेऊन दोन वर्तुळे काढावयाची व ती जेथे छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडावयाचा. नवख्या मुलाला आकृती काढता येते, परंतु तिन्ही बाजू सारख्या का, हे सांगता येत नाही. तो म्हणतो, "दिसतातच की सारख्या!" निष्णात गणितज्ञाला या उत्तरामागील अडचण कित्येकदा लक्षातच येत नाही, कारण 'दिसणे' आणि 'सिद्ध होणे' यांतील भेद त्याने फार पूर्वी ओलांडलेला असतो. ज्याने तो नुकताच ओलांडला आहे असा विद्यार्थी मात्र सहज विचारतो, "ही बाजू कोणत्या वर्तुळाची त्रिज्या आहे?" आणि वाट मोकळी होते.

आपल्या शाळेतही हेच घडते. हातच्याची वजाबाकी तिसरीतील मुलाला का कळत नाही, हे पुष्कळदा पाचवीतील मुलगी आपल्याहून लवकर ओळखते. दशकाच्या घरातून एक आणला की तो एकक घरात दहा होतो, ही गोष्ट तिलाही सहजासहजी पटलेली नव्हती. शिकविण्याची कला तिला नसेल. परंतु अडचणीची ओळख तिच्यापाशी आहे, आणि ती मोलाची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. प्रीफेक्टला रोज पाहून पाहुण्या मुलाला कळते की, हा आपल्यासारखाच आहे व तरीही या अवघड अभ्यासात आनंदाने वावरतो. हा धडा कोणत्याही उपदेशाने देता येत नाही.

४. या कल्पनेचा इतिहास व त्यातील इशारा

मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी टाकण्याची चाल कॅथलिक शिक्षणपरंपरेत बरीच जुनी आहे. जेझुइट संघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी 'रेशिओ स्टुडिओरम' नावाची शिक्षणसंहिता तयार केली. तीत प्रत्येक वर्गात काही विद्यार्थी 'डेक्युरियन' म्हणून नेमण्याची तरतूद आहे. या शब्दाचा मूळ अर्थ दहांचा नायक असा होय. आपल्या गटातील मुलांचा पाठांतराचा पाठ ऐकणे, लेखी काम गोळा करून शिक्षकाकडे देणे, कोणाचे चुकले याची नोंद ठेवणे ही त्याची कामे असत. पुढे एकोणिसाव्या शतकात इटलीतील ट्यूरिन शहरी संत जॉन बॉस्को यांनी निराधार व कामकरी मुलांसाठी जे कार्य उभारले, त्यातही त्यांच्या हाताखाली वाढलेले तरुण मदतनीस होते. १८५९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघाचे पहिले सभासद बहुतांशी असेच तरुण होते. मुलाने अपराध केल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, मोठ्याने सतत मुलांमध्ये राहून अपराधाचा प्रसंगच येऊ देऊ नये, असे बॉस्को यांचे प्रतिपादन होते. मुंबईत माटुंगा येथे असलेली डॉन बॉस्को शाळा त्यांच्याच संघाची होय. प्रीफेक्टने मुलांच्याच निवासात राहावयाचे, या प्रथेमागील विचार यावरून ध्यानात येतो.

परंतु या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या देशात सुरू झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ॲन्ड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. तेथील गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली व तोच प्रकार आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. शिक्षकांनी टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाकडे हे काम दिले आणि ते उत्तम झाले. यावरून त्यांनी मुलांनीच मुलांना शिकविण्याची सारी पद्धत बसविली व १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती 'मद्रास पद्धत' या नावाने ओळखली गेली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धत चालविली. एकाच दालनात शेकडो मुले, एकच शिक्षक, आणि त्याच्या हाताखाली अनेक 'मॉनिटर' असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेतही मोठी मुले लहानांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत व पाढे म्हणवून घेत. आपल्याकडील वर्गनायकाला 'मॉनिटर' हे नाव पडले, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

ही पद्धत स्वस्त होती, म्हणून ती झपाट्याने पसरली. आणि स्वस्त होती, म्हणूनच ती बिघडली. शिक्षक नेमण्याऐवजी मॉनिटर नेमणे सोयीचे ठरले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जेवढे येई तेवढेच तो सांगे, म्हणून शिक्षण घोकंपट्टीपुरते उरले. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होते, पण त्यांच्या शाळेत मुलांच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे, टोपलीत बसवून त्यांना आढ्याला टांगणे अशा मानहानीच्या शिक्षा आल्या. आणि ज्या मुलावर मॉनिटरचे काम पडले, त्याचे स्वतःचे शिक्षण तेथेच थांबले. अखेरीस १८४६ साली इंग्लंडात मॉनिटरच्या जागी तेरा वर्षांवरील 'शिकाऊ शिक्षक' नेमण्याची योजना निघाली. त्यांना पाच वर्षांची उमेदवारी, वेतन आणि शाळेच्या मुख्य अध्यापकाकडून रोज स्वतंत्र शिक्षण मिळे. मुलाकडून काम घ्यावयाचे तर त्याच्या शिक्षणाची हमी आधी दिली पाहिजे, ही गोष्ट उशिरा का होईना मान्य झाली.

मद्रास पद्धतीचा मॉनिटर आणि सांता पॉलाचा प्रीफेक्ट या दोघांमधील अंतर आता स्पष्ट होईल. मॉनिटर शिक्षकाच्या अभावी नेमला गेला. प्रीफेक्ट शिक्षक हजर असताना नेमला जातो. पहिल्याने शिक्षकाची जागा भरून काढावयाची होती. दुसऱ्याला शिक्षक ज्या जागी पोहोचू शकत नाही त्या जागी उभे राहावयाचे असते. आपल्या शाळेतील मोठ्या मुलाचा उपयोग आपण यांपैकी कोणत्या प्रकारे करतो, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावा. रिक्त जागेवरचा शिक्षक मिळेपर्यंत पाचवीतील मुलीने पहिलीचा वर्ग सांभाळावा, ही योजना नव्हे. तो त्या मुलीवर अन्याय आहे. शिक्षकाच्या जागेची मागणी शासनाकडे करावयाची असते. तिचा भार मुलांच्या खांद्यावर टाकावयाचा नसतो.

५. सांगणे व विचारणे

मार्गदर्शक विद्यार्थ्याला मुख्यतः एकच कला शिकवावी लागते. ती म्हणजे उत्तर न सांगता प्रश्न विचारण्याची. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात तिचा नमुना आहे. सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवितो. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस फूट. आता याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस काढावयाचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार फूट. सॉक्रेटिस तो चौरस काढावयास लावतो, तेव्हा क्षेत्रफळ सोळा भरते. मग मुलगा म्हणतो, तीन फूट. तेव्हा नऊ भरते. आता मुलगा कुंठित होतो व आपल्याला येत नाही असे कबूल करतो. सॉक्रेटिस त्याला नवे प्रश्न विचारीत, पहिल्या चौरसाच्या कर्णापर्यंत आणतो. कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट असतो, हे त्या मुलाच्याच तोंडून बाहेर पडते.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. मुलाचे उत्तर चुकले तेव्हा सॉक्रेटिस "चूक" असे म्हणून थांबत नाही. तो त्या उत्तराची परीक्षा मुलाकडूनच करवून घेतो. दुसरे असे की, मुलगा "येत नाही" म्हणाला यात सॉक्रेटिसला हानी न वाटता प्रगती वाटते, कारण आता त्याला शोधण्याची इच्छा झाली.

हा पाठ आपल्या शाळेत एका चौरस कागदावर करता येतो. मार्गदर्शक मुलाने लहान मुलाला कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूपाशी आणून दुमडावयास सांगावे. लहान चौरस तयार होईल. मग विचारावे : "हा चौरस पहिल्याच्या कितवा भाग?" मुले सामान्यतः "पाव" म्हणतात. तेव्हा "चूक" असे न म्हणता पुढचा प्रश्न विचारावा : "दुमडलेल्या जागी कागदाचे किती पदर आहेत?" मूल बोटाने चाचपून पाहील. सर्वत्र दोन पदर लागतील, आणि अर्धा भाग हे उत्तर त्याला स्वतःलाच सापडेल. चौथी-पाचवीतील मुलाला हे दोन प्रश्न एका दिवसात शिकविता येतात. ते शिकताना त्याचीही भूमितीची समज पक्की होते.

मोठ्या मुलाला उत्तर सांगून टाकण्याचा मोह फार होतो, कारण त्यात मोठेपणाचा आनंद असतो. "तू सांगितलेस तर तुला आले, त्याने सांगितले तर त्याला आले," एवढे एक वाक्य त्याच्या मनावर ठसविले तरी पुरे.

६. आपल्या शाळेसाठी योजना

वरील विवेचनावरून आपल्या परिस्थितीस मानवेल अशी योजना पुढीलप्रमाणे करता येईल.

(१) निवड. केवळ पहिल्या क्रमांकाचा मुलगा घेऊ नये. ज्याला एखादा विषय कष्टाने आला तो पुष्कळदा अधिक चांगला मार्गदर्शक होतो. स्वभाव शांत असावा व लहान मुलांची आवड असावी. मुलगे व मुली दोघांनाही संधी द्यावी. काम त्याच्या इच्छेचे असावे. नको म्हणणाऱ्यावर ते लादू नये.

(२) गट. एका मार्गदर्शकाकडे तीन किंवा चार मुलांहून अधिक देऊ नयेत. संपूर्ण वर्ग तर कधीच देऊ नये.

(३) वेळ. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस मिनिटे पुरेत. ही वेळ मार्गदर्शकाच्या स्वतःच्या तासातून काढू नये. आणि त्याच्या वर्गात नवा पाठ चालू असेल तेव्हा तर मुळीच काढू नये.

(४) काम. वाचनाचा सराव ऐकणे, पाढे म्हणवून घेणे, मणी व काड्या घेऊन मोजणी, गोष्ट वाचून दाखविणे, नव्या मुलाला शाळा दाखविणे आणि मधल्या सुट्टीत त्याला खेळात घेणे. नवा पाठ शिक्षकानेच शिकवावा. वही तपासून गुण देणे हेही शिक्षकाचेच काम.

(५) तयारी. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे सर्व मार्गदर्शकांना एकत्र बसवावे. पुढील आठवड्यात कोणता सराव घ्यावयाचा व कोणते दोन प्रश्न विचारावयाचे हे सांगावे. "कोण अडते? कोठे अडते?" असे त्यांना विचारून उत्तरे टिपून घ्यावीत. या दहा मिनिटांत शिक्षकाला आपल्या वर्गाविषयी जी माहिती मिळते, ती परीक्षेतूनही मिळत नाही.

(६) पालट. दर महिन्या-दीड महिन्याने मार्गदर्शक बदलावेत, म्हणजे कोणालाही पदाचा अहंकार चढणार नाही व कोणाचा अभ्यास मागे पडणार नाही.

७. सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट शिक्षेसंबंधी. मार्गदर्शकाच्या हाती छडी नको, फळ्यावर 'गडबड करणारी मुले' म्हणून नावे लिहिण्याचा खडूही नको. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करणे व मानसिक त्रास देणे मना आहे. जे शिक्षकाला मना आहे, ते त्याने मुलाकडून करवून घेणे तर अधिकच अनुचित होय. ज्याच्या हाती नावे लिहिण्याचे काम येते, त्याच्यापाशी लहान मूल आपली अडचण कधीही सांगणार नाही, आणि मग साऱ्या योजनेचा हेतूच फसतो.

दुसरी गोष्ट मुलींसंबंधी. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला शाळेतही तेच काम मिळाले, तर शाळा तिच्या घराचेच दुसरे ओझे होते. मार्गदर्शक म्हणून तिला जे द्यावयाचे ते तिची बुद्धी व आत्मविश्वास वाढविणारे असावे. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी दरवेळी तिलाच वर्गाबाहेर पाठविणे हे मार्गदर्शन नव्हे.

तिसरी गोष्ट वयासंबंधी. सांता पॉलाचे प्रीफेक्ट महाविद्यालयात शिकणारे, अठरा वर्षांच्या पुढचे तरुण असतात. आपला मार्गदर्शक दहा-बारा वर्षांचे मूल आहे. म्हणून त्याच्यावरील जबाबदारी त्यांच्या मानाने पुष्कळच लहान असली पाहिजे. एखादे मूल आजारी पडले, पडून लागले किंवा भांडण विकोपास गेले तर "लगेच येऊन सांग" एवढेच त्याचे कर्तव्य. घडलेल्या गोष्टीचा दोष त्याच्यावर येता कामा नये.

चौथी गोष्ट धर्मासंबंधी. त्या उन्हाळी वर्गात कॅथलिक उपासनेला मोठे स्थान आहे आणि प्रीफेक्टचे वागणे त्या श्रद्धेतून घडलेले असते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून तो भाग आपल्याला घ्यावयाचा नाही. परंतु मोठ्याने लहानाची चेष्टा करू नये, त्याच्या अडचणीत त्याच्या शेजारी बसावे, आपल्याला आलेले त्याला येईपर्यंत धीर धरावा, ही वृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. ती आपल्या शाळेतही रुजविता येईल.

८. समारोप

मार्गदर्शक विद्यार्थी नेमल्याने शिक्षकाचे काम कमी होते, असा समज करून घेऊ नये. ते काही अंशी वाढतेच. कारण लहानांबरोबर आता मार्गदर्शकांनाही शिकवावे लागते. लाभ होतो तो मुलांचा. लहान मुलाला शाळेत आपले म्हणावे असे एक मोठे माणूस मिळते, आणि मोठ्या मुलाला आपल्या ज्ञानाचा दुसऱ्यास उपयोग होतो हा अनुभव मिळतो. पहिलीतील एखादे मूल सकाळी दारातूनच आपल्या सोबत्याला शोधू लागले आणि त्या सोबत्याच्या स्वतःच्या वहीतील अभ्यास मागे पडलेला नसला, म्हणजे योजना बरोबर चालली आहे असे समजावे. या दोन खुणांपैकी दुसरी तपासण्यास आपण विसरतो. म्हणून ती महिन्यातून एकदा तरी आवर्जून तपासावी.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत मोठ्या मुलांकडून सध्या कोणकोणती कामे घेतली जातात? त्यांपैकी कोणती शिक्षकाची व कोणती मार्गदर्शकाची, अशी दोन भागांत यादी करा.

२. प्रीफेक्टच्या कामाची तीन कुंपणे कोणती? आपल्या शाळेत त्यांपैकी कोणते वारंवार ओलांडले जाते, व का?

३. मद्रास पद्धत लवकर का पसरली व का बिघडली? त्या बिघाडाची कोणती लक्षणे आजही दिसतात?

४. हातच्याच्या वजाबाकीत अडलेल्या मुलासाठी, उत्तर न सांगणारे तीन प्रश्न तयार करा. ते पाचवीतील एका विद्यार्थ्यास शिकवून त्याचा अनुभव पुढील परिषदेत सांगा.

५. आपल्या वर्गातील कोणती मुलगी किंवा मुलगा आजवर कधीही निवडला गेला नाही? त्यास मार्गदर्शक नेमल्यास कोणते काम द्याल?